नदीकडच्या खोलीतली खाट

मेहरबान साहेब,

तुमचं कार्ड भेटलं. माघात बाईसाहेबाले घेऊन भामरागडच्या बंगल्यात चार दिवस राहाले येता, अन् नदीकडच्या खोलीतली तीच नवारीची खाट पायजे म्हणता.

तुमी मांगं इथं उतरले होते, त्या श्रावणात माझी घरवाली रंभा तापानं फणफणली होती. रस्ता बंद. दवाखान्यात न्याले चार गडी खांदा द्याले तयार होते, पण आमच्या घरी खाट कुठची? तुमची मांगितली. तुमी म्हणाले, "सरकारी खाट बाहेर जाणार नाही."

तुमी गेल्यावर गेली बाहेर. त्याच खाटेवर रंभाले मसणात नेलं, अन् परत जागेवर आणून ठेवली.

पहिल्या सकाळी चहा देईन, झोप लागली का विचारीन. मंग सांगीन.

हे पत्र चुलीत घालतो. कार्डावर एवढंच लिहितो : खाट तयार आहे, या.

सरकारी सामान सांभाळणारा,
लटारू चौकीदार