कच्चं खाणं सुरू करताना

दौंड
१८ नोव्हेंबर २००२

प्रिय धुरपदा,

हे पत्र प्रतिभा तुला वाचून दाखवणार, म्हणून आधी दोन शब्द तिच्याशी बोलते. प्रतिभा, दुपारची भांडी झाली की सासूबाईंजवळ निवांत बस आणि हे सावकाश वाच. एखादी ओळ वाचवत नसेल तर थांब, पाणी पी, पण गाळू नकोस. त्यांना वाईट वाटेल म्हणून बदलूही नकोस. तुझी सून वाचताना काही राखून ठेवत नाही, असं तू मला मागे सांगितलं होतंस, धुरपदा. त्याच भरवशावर लिहायला बसले आहे.

इकडे थंडी पडायला लागली. मूग फडक्यात बांधून ठेवले तर मोड यायला आता दोन दिवस लागतात. शाळा सकाळची आहे. माझा मुलगा विनोद दोन पाळ्यांत अडकलेला, घरी येतो तो झोपायलाच. माझं बरं चाललंय. हे 'बरं चाललंय' तुला लिहिताना गेली दोन वर्षं हात अडखळतो, म्हणून पत्रं कमी झाली. तू कारण विचारलं नाहीस. मल्हारीदाजींनी एकदा फोनवर विचारलं, तेव्हा मी शाळेच्या तपासणीचं निमित्त सांगितलं.

भांडगावची आपली शाळा परवा स्वप्नात आली. तिसरीत तुझ्या आईनं तुला बजावलं होतं, शेवंताच्या घरचं शिजलेलं तोंडात घालायचं न्हाई. कच्चं खाल्लं तर चालंल. तू ते सगळ्यांसमोर मला जसंच्या तसं सांगितलंस, आणि मला राग आला नाही, कारण तेवढ्यात तू ओच्यातले हरभऱ्याचे घाटे माझ्यापुढे ओतलेस. मग चार वर्षं आपण कच्च्यावरच राहिलो. ओल्या शेंगा, गाजरं, मातीसकट मुळे. तुझी मेंढरं पलीकडे चरायची आणि आपण बांधावर बसून चावत राहायचो. पुढं तू केंदूरला नांदायला गेलीस, मी मास्तरीण झाले. मग एकदा तू माझ्या दौंडच्या खोलीवर आलीस. मी झुणका-भाकरी केली होती, पण तुला वाढू की नको ते ठरेना. तू स्वतःच ताट ओढून घेतलंस. पहिली भाकरी संपवलीस आणि दुसरी मागितलीस. त्या दिवसाबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. पण कच्च्यावरून शिजलेल्यावर यायला आपल्याला पंधरा वर्षं लागली, आणि मी तुला परत कच्च्यावर नेलं.

शुगर आपल्या दोघींना एकाच वर्षी निघाली. तेव्हा आपण हसलो होतो, हेही बरोबरीनंच आलं म्हणून. नव्याण्णवच्या उन्हाळ्यात इथं कच्च्या आहाराचं शिबिर भरलं. शिकवणारे सर पुण्याचे, अंगावर चरबीचा कण नाही, आवाज मात्र खणखणीत. चूल हीच सगळ्या रोगांची आई, असं ते म्हणायचे. पहिले तीन दिवस माझं डोकं इतकं दुखलं की मी शाळेत फळ्याला टेकून उभी राहिले. दुधी किसून लिंबू पिळून खायचा, मीठ नाही. मोडाची मेथी, भिजवलेले शेंगदाणे, पालकाचा रस. एक घास बत्तीस वेळा चावायचा. जबडे ठणकायचे. विनोदसाठी भाकरी भाजताना वास यायचा आणि माझ्या डोळ्यांत पाणी यायचं. पण महिन्याभरात चोळ्या सैल झाल्या. रक्त तपासलं तर शुगर निम्म्यानं उतरलेली. शिबिराच्या सरांनी मला पुढच्या वर्गात व्यासपीठावर उभं केलं. मग महिला मंडळात बोलावणं आलं, नंतर कारेगावच्या कामगारांच्या बायकांपुढं. छापील पत्रिकेवर माझं नाव आलं. धुरपदा, आयुष्यात मला कुणी कधी पाटावर बसवलं नव्हतं. मला ते आवडलं.

तुझं पत्र त्याच दिवसांत आलं. 'मला बी सुरू करायचंय, पयल्यापास्नं सांग.' मी तुला आठ पानी उत्तर लिहिलं. पहिला आठवडा फक्त न्याहारी कच्ची, मग दुपारचं जेवण, मग रात्रीचं. मूग किती तास भिजवायचे, फडकं कुठं टांगायचं, गॅस झाला तर काय, तोंडाला चव नसेल तर कोथिंबीर कशी चावायची. मास्तरणीचं पत्र होतं, काही राहून जाऊ नये असं. तू ते देव्हाऱ्याजवळ ठेवलं होतंस, मी पाहिलंय.

आणि तू ते किती नेटानं केलंस. माझ्या घरी दोन माणसं. तू नऊ माणसांच्या भाकऱ्या थापायचीस, कालवण करायचीस, सगळ्यांना वाढायचीस आणि मग वाटीभर मूग घेऊन कोपऱ्यात बसायचीस. तुझ्या सासूबाई म्हणायच्या, 'शेरडावानी काय चावत बसलीस?' त्यांना तू म्हणालीस, 'शेरडाला कुठं शुगर हुती, आत्याबाई?' हे तू मला लिहिलंस तेव्हा मी वर्गात एकटीच हसले होते. यात्रेला घरात बोकड शिजलं, तू वाढलंस आणि काकडी खाल्लीस. मी इतकी पक्की नव्हते. आठवड्यातून एकदा तरी मी विनोदच्या टोपलीतली भाकरी मोडायची. ती व्यासपीठावर सांगायची नसते.

दोन हजारच्या दिवाळीत तुला दिव्याभोवती कडी दिसायला लागली. तू म्हणालीस, अंगातली घाण निघतीय, सरांनी सांगितलंय ना, आधी वाढतं मग कमी हुतं. मीच तुला ते लिहिलं होतं. नंतर सुईत दोरा ओवेना. मग डाव्या डोळ्यापुढं जाळं आलं. दाजींनी पुण्याला नेलं तेव्हा शुगर चारशेच्या वर होती आणि डॉक्टर म्हणाले, पडद्यावर रक्त उतरलंय, फार उशीर केलात. उजवा डोळा यंदाच्या शिमग्यापर्यंत टिकला. आता उजेड आहे की अंधार, एवढंच तुला कळतं.

मी दोनदा तुझ्याकडे यायला निघाले आणि शिरूरच्या स्टँडवरून माघारी फिरले. तिसऱ्यांदा श्रावणात आले. तू अंगणात घोंगडीवर बसली होतीस आणि माझं पाऊल ओळखलंस. माझा हात मांडीवर घेऊन तू म्हणालीस, 'तू कशापाई तोंड पाडून बसलीस? तू न्हाई का बरी झालीस? माझंच पथ्य मोडलं. पुतणीच्या हळदीला दोन पुरणपोळ्या खाल्ल्या मी.' माझं तोंड पडलंय हे तुला कसं कळलं ते मला कळलं नाही. प्रतिभानं चहा आणला, तो प्यायले आणि चारची गाडी पकडली. धुरपदा, दोन पुरणपोळ्यांनी कुणाचे डोळे जात नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होतं.

काल रविवारी तुझा धाकटा भाऊ खंडू भांडगावहून आला. मी दारात भाजी निवडत होते. त्याला बघून आनंद झाला, तुझ्यासारखंच हसतो. त्याच्या हातात दोनशे पानी कोरी वही होती. त्याला परवा शुगर निघाली, दोनशे ऐंशी. म्हणाला, 'बाई, आक्कानं पाठवलंय. ती म्हणली, शेवंता सांगंल तसंच कर. माझ्यागत मधीच मोडू नगंस. गोळ्या सोड म्हणली तर त्या बी सोड.' आणि खिशातून गोळ्यांची नवी पाकिटं काढून त्यानं ती माझ्यापुढं पायरीवर ठेवली.

आता ऐक. आठ पानं लिहिल्यावर, त्याच वर्षी, आपण शिरूरला बाजारात भेटलो होतो. स्टँडवर तुझी केंदूरची गाडी लागली होती. तू मला बाजूला घेऊन विचारलंस, 'शेवंते, पोरांची आन घेऊन सांग, गोळ्या तू हळूहळू सोडल्यास का एकदम?' मी म्हणाले, 'एकदम.' तू कनवटीतून तुझ्या गोळ्या काढून माझ्या हातात दिल्यास. म्हणालीस, 'ह्या तुझ्यापाशी ठेव. घरात दिसल्या तर जीव भिऊन मी घीन.' धुरपदा, मी गोळ्या सोडल्याच नव्हत्या. एक दिवसही नाही. शुगरनं आईचा पाय काळा पडताना मी पाहिला होता, माझी हिंमतच झाली नाही. शिबिरात सर म्हणाले, कच्च्या मनाची माणसंच गोळ्यांना चिकटतात, आणि मी सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या. शाळेच्या कपाटात, खडूच्या खोक्यात गोळ्या ठेवायची. पोरं यायच्या आत माठातलं पाणी घेऊन गिळायची. माझी शुगर उतरली ती मुगानं आणि गोळीनं मिळून. तुला मी नुसता मूग सांगितला. आणि तू दिलेल्या गोळ्या माझ्यासारख्याच होत्या, त्याच कंपनीच्या, तेवढ्याच ताकदीच्या. मी फेकल्या नाहीत. महिनाभर त्या मीच खाल्ल्या.

खंडूला मी पाकिटं परत दिली. म्हटलं, काकडी खा, मूग खा, भाकरी कमी कर, त्यात वाईट काही नाही. पण गोळी डॉक्टर सांगतील तशी घ्यायची, आणि दर वर्षी डोळे दाखवायचे. त्यानं ते वहीत उतरवून घेतलं, तुझ्यासारखंच, ओळ न ओळ. मग वही मिटली. म्हणाला, 'मग आक्काला तसं का न्हाई सांगितलं?' मी त्याला म्हटलं, ते मी आक्कालाच सांगते, तू जा. तो पाणी न पिता गेला. रस्त्यात तो केंदूरला फोन करेल, या भीतीनं मी काल दिवसभर बसून होते, आणि आज शाळा सुटल्यावर वर्गातच हे लिहायला घेतलं. तुला हे खंडूकडून कळू नये, एवढंच मला अजून जमण्यासारखं होतं. उत्तर पाठवू नकोस म्हणणार नाही. पाठवलं नाहीस तरी दर शनिवारी बाराच्या गाडीनं मी केंदूरला उतरेन आणि वेशीपाशी थांबेन. घरात बोलवायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
शेवंता