परण्याच्या गाडीच्या पट्ट्या

३ फेब्रुवारी
धाकटे दीर येऊन गेले. त्यांच्या संतोषचं लग्न दोन आठवड्यांवर आलंय. परण्याला, नवरदेवाच्या मिरवणुकीला, ह्यांची गाडी हवी. घरातला प्रत्येक नवरदेव लग्नाआधी मारुतीच्या दर्शनाला ह्याच गाडीतून गेला, आणि चालवायला नेहमी हे. आता हे नाहीत. मी म्हटलं, गाडी देते, पण चालवणार मी.

भाऊजी फरशीकडं बघत म्हणाले, "वहिनी, तुमी लई केलं आमच्यासाठी. पन परण्याला... लोकं काय म्हनतील? चावी तेवढी द्या." विधवा हा शब्द त्यांना उच्चारवेना. मग मीच उच्चारला. चहा अर्धा टाकून गेले.

चावी दिली नाही. देणारही नाही.

४ फेब्रु.
गाडी धुतली. काळा रंग अजून झकास. पण दारांवरच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या पार मातकट, त्यावर पांढुरके डाग. पॉलिशची डबी आणून खांदे भरून येईपर्यंत घासलं. पट्ट्या ढिम्म. अशी कळकट गाडी दारात नेली तर भाऊजींना आयतंच निमित्त.

६ फेब्रु.
उस्मानपुऱ्यात रफिकभाई बफिंगवाल्यांकडं. ह्यांचे जुने दोस्त. काढून नेलेली पट्टी उन्हात धरून म्हणाले, "भाभी, इसपे कंपनी का कोटिंग है, अ‍ॅनोडाइज बोलते. तुम कोटिंगकोच पॉलिश कर रे. पहले वो निकालो कॉस्टिक में, फिर देखो." करून देतो म्हणाले. नको म्हटलं. हे मी केलं, असं मला ताठ मानेनं सांगायचंय.

७ फेब्रु.
फजिती! कॉस्टिक सोडा, रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, सगळी जय्यत तयारी अंगणात. आणि ओतला कशात? ॲल्युमिनियमच्या परातीत. पट्टीआधी परातच फसफसली, बुडातून गळायला लागली. बादल्या ओतून अंगण धुतलं.

नेमक्या तेव्हाच जाऊबाई पत्रिका घेऊन हजर. "अगं बया! ताई, ह्ये काय मांडलंय? कशापायी येवढा आटापिटा?" बोलताना नजर माझ्या मोकळ्या कपाळावर. राग आला, रडूही आलं. त्या गेल्यावर थोडी रडले, मग परात भंगारात टाकली.

९ फेब्रु.
प्लास्टिकचा जाड पाइप उभा चिरून घेतला, टोकं बंद केली. झाली पन्हळ. पट्टी आडवी मावली. बारीक बुडबुडे आले आणि बघता बघता पट्टी काळी ठिक्कर. रफिकभाईंना फोन. "घबराओ नक्को, वो काला निकल जाता. बाहर निकालो पहले, ज्यादा रखे तो पट्टीच खा जाएगा."

भरपूर पाण्यानं धुतली, ओल्या पॉलिश पेपरनं घासली. खाली साधा, उघडा, करडा धातू. कोटिंग गेलं एकदाचं!

१२ फेब्रु.
सगळ्या पट्ट्या झाल्या. आता पॉलिश असं धरतं की बस. तोंड दिसतं त्यात. आपलंच काम बघून इतका आनंद कधी झाला होता, आठवत नाही. रफिकभाई म्हणाले, वरचं कोटिंग गेलं, आता पट्ट्या लवकर मळतील, पुन्हा पुन्हा पॉलिश करावं लागेल. करीन की. मला कोण अडवतंय?

१४ फेब्रु.
संतोष आला होता. पट्ट्यांवरून हात फिरवत राहिला. "मोठ्याई, तू चालिव. मला काय नाय. पन बाबा..."
"बाबा काय?"
"बाबांनी घोडा ठरवलाय."
"आणि तू काय ठरवलंस?"
जाऊबाई कामावर जायच्या तेव्हा ह्या पोराला ह्याच गाडीतून शाळेत सोडायचे मी. तेव्हा कुणाला अपशकुन आठवला नाही. हे त्याला तोंडावर सांगितलं. मान खाली घालून गेला. जीव तुटतो त्याच्यासाठी, पण माघार नाही.

१७ फेब्रु.
भाऊजींचा फोन. "वहिनी, हात जोडतो. लग्नाला या, म्होरं बसा, मानाची साडी घ्या. फक्त परण्याला नको."
म्हटलं, साडी नको. नवरदेव द्या.
फोन ठेवला त्यांनी.

१८ फेब्रु., सकाळ
गाडीतच बसून लिहितेय. भाऊजींच्या दारात उभी केलीय, गारखेड्याची अर्धी गल्ली बघायला जमलीय. हिरवी साडी नेसले, टिकली लावली. पुढं घोडा, मागं मी. वाजंत्री सुरू झाली. संतोष बाशिंग बांधून पायरीवर आलाय. एकदा घोड्याकडं बघतो, एकदा इकडं. भाऊजींनी दंड धरलाय त्याचा. मागचं दार मी आतून उघडून ठेवलंय.

बसला तर त्याला घेऊन जाईन. नाही बसला तर मारुतीला मी एकटी जाईन, घोड्याच्या पुढून.