नाकापाशी थांबलेली बुक्की

३ फेब्रु., मंगळ
फर्स्ट शिफ्ट. चाकणहून बस तळवड्याच्या चौकात आली, तिथून घरी चालत. भाजीच्या गाड्यांपाशी एकाने मागून अंगावर हात टाकला. वळले. पाय बरोबर, कंबर बरोबर, बुक्की सरळ नाकावर. आणि नाकाच्या बोटभर अलीकडे थांबली! मी थांबवली नाही, आपोआप थांबली. कराटेच्या क्लासमध्ये इतकी वर्षं थांबवते तशीच, सुबक.
तो आधी दचकला, मग हसला. हसत हसत गाडीला किक मारून गेला.
ब्लॅक बेल्ट म्हणे.

४ फेब्रु., बुध
कंपनीत बातमी माझ्याआधी पोचलेली. माझ्याच लाइनवरची चिखलीची मनीषा बसमधून लांबून बघत होती. "आमच्या शीतलनं हात उगारला आन् गडी पळाला बघा!" काय सांगणार. लाज वाटते.
क्लासच्या सरांना मात्र संध्याकाळी सगळं सांगितलं. म्हणाले, "कंट्रोल आहे तुझ्याकडे. अभिमान वाटला." आधी वाटलं चेष्टा करतायत. छे! मागे स्पर्धेत समोरच्या मुलीचा ओठ फुटला म्हणून मला बाद केलं, तेव्हाही हेच ऐकवलं होतं. लागता कामा नये.
नाही लागू दिलं, सर. कुणालाच नाही.

७ फेब्रु., शनि
दुसरे क्लास बघायचं ठरवलंय. गुपचूप. सरांचा नियम पाठ आहे: दुसऱ्या क्लासची पायरी चढायची तर बेल्ट इथे काढून ठेवायचा. आणि रविवारची छोट्यांची बॅच तर मीच घेते.
आज चिंचवडला तायक्वांदो. लाथा काय देखण्या, डोक्याच्या वर! पण त्याला मोकळी जागा हवी, सैल कपडे हवेत. जीन्स आणि सेफ्टी शूज घालून भाजीच्या गाड्यांमध्ये कुठली लाथ फिरवू? छातीवर जाकीट, लाथ बसली की मशीनवर पॉइंट. रस्त्यावर पॉइंट कोण देणार.
आई : "आता अजून काय शिकायलीस बाई? हाय त्येच काय कमी हाय का?"
तिलाही खरं सांगितलेलं नाही.

११ फेब्रु., बुध
देहूरोड. इथेही कराटेच, पण फुल कॉन्टॅक्ट. शिकवणारे काका फौजेतून रिटायर. आपल्या पोटावर थोपटून म्हणाले, "इथं मार." मारलं. लागलं! मनगट अजून दुखतंय आणि बरं वाटतंय.
पण तोंडावर हाताने मारायला मनाई. लाथ चालते. त्या माणसाचं तर तोंडच माझ्यासमोर होतं. तसं विचारलं. काका म्हणाले, "मग आमचा क्लास तुला अर्धाच पुरेल." अर्धाच पुरेल असं तोंडावर सांगणारा माणूस पहिल्यांदा भेटला.

१४ फेब्रु., शनि
वाकड. मुए थाई. मॉलच्या वरचा मजला, काचा, एसी. कोपर, गुडघा, नडगी, काय वाटेल ते वापरा. कुठलाच फटका हवेत सोडायचा नाही, पॅडवर बसलाच पाहिजे. हेच हवं होतं. नाव घालायला वळले तर कोपऱ्यात केतकी.
सरांची केतकी. बारावीचा अभ्यास आहे म्हणून आमच्या क्लासला येत नाही ती. पॅडवर धाडधाड कोपर घालत होती. मला बघून हातातले ग्लोव्हज पाठीमागे नेले.
"ताई, मी दिसले ते कुणाला बोलू नकोस हं. पप्पांनीच घातलंय इथे. म्हणाले, क्लासमध्ये कळता कामा नये."
पप्पांनीच.
नाव न घालताच निघाले. पीएमपीच्या बसमध्ये तोंडाला ओढणी लावून रडले. दुःख कमी, संताप जास्त.

१६ फेब्रु., सोम
क्लास सुटल्यावर सरांना गाठलं, केतकीचं विचारलं. ते मॅट गुंडाळत बसले.
"पोरगी एकटी जाते-येते गं. बापाचं मन आहे."
"आणि आम्ही?"
"तुम्ही स्पर्धा खेळता, मेडल आणता. आपलं कराटे वाईट आहे का?"
वाईट नाहीच हो! काताच्या ठरलेल्या हालचाली करताना मला अजूनही देवळात उभं राहिल्यासारखं वाटतं. कराटेवर राग नाही. तुम्हाला माहीत होतं ना, सर, ते कुठे पुरतं आणि कुठे नाही? मग घरच्या मुलीला एक आणि आम्हाला एक? त्या दिवशी मी समोर बसून सगळं सांगितलं, तेव्हा तरी... अभिमान वाटला म्हणे! फसवलंत. सरळ सरळ फसवलंत.
यातलं एक अक्षर बोलले नाही. निघताना कमरेत वाकून नमस्कारही केला. सवय मेली.

१९ फेब्रु., गुरु
वाकड की देहूरोड. की दोन्ही. की काहीच नको.
जेवण जात नाही.

२१ फेब्रु., शनि
बसमध्ये मनीषा शेजारी येऊन बसली, भलती खूश. "काल पोरीचं नाव घातलं बघ तुमच्या क्लासात. तुझे सर म्हणलं, शीतलच शिकवील तिला."
पोरगी सात वर्षांची. मला मावशी म्हणते.
"दुसरीकडं कुटं बघितलंस का?" मी.
"कशापायी? तू हायस ना तिथं. मंग मला कसला घोर?"
तोंड उघडलं होतं मी. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात माझा स्टॉप आला. मी उतरताना म्हणाली, नवा पांढरा ड्रेस घालून पोरगी कालपासून घरभर नाचतेय.
म्हणजे आता मला माहीत आहे आणि मनीषाला नाही. आणि मी सांगितलेलं नाही.
उद्या सातला बॅच.