साहेबाच्या कुत्र्याची शाळा

नागाव

ती. दादूस यास,

नलूचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (लांबूनच ठेवते. हल्ली वाकलं की वेणीला कुत्रं लटकतं.) वहिनीची कंबर, पोरांचा खोकला आणि तुझ्या साहेबाची मोटार बरी असेल, अशी आशा करते. आमची खुशाली विचारशील, तर माणसं ठीक आहेत, पण चावलेली आहेत.

गणपतीला आलास तेव्हा साहेबाचं पिल्लू टोपलीत घालून आणलंस. साहेब विलायतेहून येईपर्यंत सांभाळ, चावायचं आणि घरात घाण करायचं तेवढं सोडव, असं म्हणालास आणि रेवसहून मुंबईची लाँच धरून पळालास. (तुझं पळणं बघूनच मला कळायला हवं होतं.) नाव म्हणे प्रिन्स, म्हणजे राजपुत्र. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी त्याचा पिरण्या केला. राजपुत्र असेल तर राजवाड्यात मुतावं, माझ्या उशाशी कशाला, असं त्यांचं म्हणणं. "या घरात कुत्रं ऱ्हाईल, न्हायतर ही आवडाबाई!" असंही त्यांनी बजावलं. यांनी उत्तर द्यायला जरा जास्तच वेळ लावला, त्यामुळे दोघंही राहिली.

चावण्यावर पहिला उपाय यांनी केला. पायाच्या अंगठ्यांना मिरची वाटून लावली. पिरण्यानं चाटलं, शिंकला आणि मग मिरची नव्हती तिथे, म्हणजे पोटरीला, चावला. त्याच हातानं यांनी डोळे पुसले आणि दोन्ही डोळे धरून अंगणभर नाचले. शेजारची गोदू विचारायला आली, अंगात कुठला देव आला म्हणून. दुसरा उपाय सासूबाईंचा. त्या बोंबील साफ करत बसल्या होत्या, तेवढ्यात पिरण्यानं त्यांची टाच धरली. म्हातारीनं मानगुटीला धरून उचललं आणि त्याचा कान कचकन चावला! पिरण्या केकाटायचंसुद्धा विसरला. तेव्हापासून त्यानं चावायचं सोडलं, पण फक्त त्यांना. ही विद्या आम्हाला काही जमेना. यांनी एकदा करून पाहिलं, तर तोंडात केसच आले.

राहिला दुसरा विषय. तू म्हणाला होतास, पेपर पसर. आमच्याकडे पेपर कुठला? वाडीत तो एकट्या गुणाजी पंचाकडे येतो. त्यांचे शिळे अंक मागून आणले आणि कोपऱ्यात पसरले. पिरण्या लगेच शिकला, इतका की पेपर दिसला की बसलाच. आता गुणाजींना जवळचं दिसत नाही. म्हणून ते संध्याकाळी ओट्यावर पेपर पसरायचे, स्वतः बाकावर बसायचे आणि गावाला वाचून दाखवायचे. एकदा मंत्र्याचं भाषण रंगात आलं होतं. पिरण्या गर्दीतून शिस्तीत गेला आणि मंत्र्याच्या फोटोवर बसला.

गुणाजी पोतं घेऊनच आमच्या दारात आले. "नले, तुज्या कुत्र्यानं सरकारच्या तोंडावर केलं! याला पोत्यात घालतो नि खाडीपल्याड सोडतो." मी हात जोडले. हे होडीचं काम आठवून निघून गेले. (नवऱ्यांची होडी अशा वेळी नेमकी गळते.) तेवढ्यात सासूबाई पिरण्याला मांडीवर घेऊन उंबऱ्यातच फतकल मारून बसल्या. म्हणाल्या, "सरकार आपल्या गावावर दर सालाला करतंय, गुणाजी. तवा कुटं पोतं घेऊन गेल्तास?"

मागे जमलेलं गाव असं हसलं की गुणाजींनाही हसू आवरेना. पोतं तसंच रिकामं परत गेलं. आता ते पेपर भिंतीला खिळ्यानं टांगून वाचतात.

तर दादूस, शिकवणी फुकट गेली. हे कुत्रं चावतं, कागद दिसेल तिथे बसतं. साहेबाच्या टेबलावर केवढे कागद असतील, तूच विचार कर.

तुझी बहीण,
नलू

ता. क. तुझा साहेब परत आला आणि रविवारी तू पिल्लू न्यायला येणार, असा निरोप मिळाला. हे पत्र साहेबाला इंग्रजी करून वाचून दाखव. मडमेलाही बसव. सहीच्या खाली मात्र वाचू नकोस.

ता. क. दुसरा. चावणं कधीच सुटलंय. घरात घाणही करत नाही, स्वतःहून माडाखाली जातो. सासूबाई त्याला स्वतःच्या गोधडीत घेतात आणि आधी त्याला भरवून मग जेवतात. साहेब तरीही ऐकेना, तर पिरण्या वारला म्हणून सांग. सासूबाई म्हणतात, साहेबाची खात्री पटत नसेल तर सुतकही पाळू.