रेकॉर्डमधली दाद

बालीगंज, कलकत्ता
३ फेब्रुवारी १९७३

ती. मालतीवन्संना,
सुनीतीचा शि. सा. न. वि. वि.

मेतकूट पोचलं. जयंताच्या कार्यक्रमाबद्दल मी अवाक्षर लिहिलं नाही म्हणून तुम्ही रागावलात, पण लिहायला हात धजत नव्हता.

दिवाळीआधी तुमच्या ह्या भाच्याच्या रॉक बँडचा कार्यक्रम भरल्या थिएटरात झाला. तो तिथल्या तिथे टेप करून कंपनी त्याची लाँगप्ले रेकॉर्ड काढणार होती. तुमचे भाऊ नाही नाही म्हणत आले आणि पहिल्या रांगेत बसले. त्या संगीतात एकेक गाणं वीस-वीस मिनिटं चालतं. मधे सगळी वाद्यं थांबली, जयंता एकटा ऑर्गन हळू वाजवत होता, थिएटर चिडीचूप. आणि सम आली तशी ह्यांनी आपल्या बैठकीत देतात तशी खणखणीत दाद दिली, ‘वा!’ तिथे म्हणे अगदी शेवटीच टाळ्या वाजवायच्या असतात. मायक्रोफोन नेमका डोक्यावर. कंपनीच्या लोकांनी कपाळाला हात लावला. घरी आल्यावर जयंता ह्यांना नको ते बोलला आणि बागबाजारला मित्राकडे राहायला गेला. आता हे ऑफिसात असतात तेव्हा येऊन मला भेटून जातो.

खरी काळजी पुढेच आहे. नंतर ह्यांचा आवाज बसला तो सुटेना. तपासणी झाली. गळ्यात गाठ आहे. कसली ते मी लिहीत नाही. ह्याच महिन्यात ऑपरेशन. जीव वाचेल म्हणतात, पण स्वरयंत्र काढणार, म्हणजे आवाज कायमचा जाणार. आवाज भरून ठेवायला कुणाचा टेपरेकॉर्डर मागून आणते म्हटलं तर अंगावर आले. मरणाऱ्यासारखं बोलून ठेवू का, म्हणाले.

आणि काल जयंता सांगून गेला की रेकॉर्डमधून बाबांचा आवाज पुढच्या आठवड्यात कापून टाकणार आहेत. वन्सं, तेवढाच तर ह्यांचा आवाज उरला असता. पण दुखणं ऐकून कीव करत येणारा मुलगा मला नको, असं म्हणून ह्यांनी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून मला शपथ घातली आहे. जयंताला मी काही सांगू शकत नाही.

तुम्हांला मात्र कोणी शपथ घातलेली नाही.

जीव थाऱ्यावर नाही. माया आहेच, आता जरा जास्त असू द्या.
तुमची
सुनीती

---

सातारा
८ फेब्रुवारी १९७३

चि. जयंतास,
मालतीआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझी आई मोठी वस्ताद. मला बरोबर पुढे केलं. तर ऐक. तुझ्या बाबांच्या, दिगंबरच्या, गळ्यात गाठ आहे आणि ऑपरेशनमध्ये त्याचा आवाज कायमचा जाणार आहे. तोही ह्याच महिन्यात. तुला सांगायचं नाही असं त्याने आईला बजावलंय, मला नाही.

तुझ्या त्या रेकॉर्डमध्ये त्याने वा म्हटलंय म्हणे. लहानपणापासून मी त्याला ओळखते. त्याला न आवडलेल्या गाण्यात तो चपला शोधायला लागतो. तोंडदेखलं वा त्याने सख्ख्या बहिणीलाही कधी दिलं नाही. मी चांगली सात वर्षं गाणं शिकत होते. तू काय वाजवलंस देव जाणे, पण तो आवाज कापू देऊ नकोस. त्याचा दुसरा आवाज कुठेही नाही. हे पत्र पोचेपर्यंत उशीर झाला नसेल ना, ह्या विचाराने घास उतरत नाही.

उत्तर ताबडतोब टाक. तुझ्यावर रागावलेली आणि तरीही तुझीच,
आत्या

---

बालीगंज, कलकत्ता
१४ फेब्रुवारी १९७३

ती. आत्यास,
जयंताचा शि. सा. न.

पत्र मिळालं तसा स्टुडिओत धावलो. उशीर झाला होता. टेप आदल्या दिवशीच कापून जोडली होती. कापलेले तुकडे कचऱ्यात टाकतात, पण तिथला माणूस रेकॉर्ड छापून होईपर्यंत ते खिळ्याला अडकवून ठेवतो. मोठा झुबकाच होता. एकेक तुकडा मशीनवर लावून ऐकत बसलो. खोकला, खुर्ची, परत खोकला. शेवटी त्या माणसाने मला बाजूला बसवून स्वतः लावायला घेतले. वीतभर तुकड्यात बाबा सापडले.

तो जिथल्या तिथे परत जोडून घेतला. रेकॉर्ड सदोष वाटेल असं कंपनीचं म्हणणं पडलं. मित्रही कुरकुरले. मी म्हटलं, मग माझा ऑर्गनही काढा.

संध्याकाळी घरी आलो. दार बाबांनीच उघडलं. काही विचारलं, पण आवाज इतका बसला होता की काय म्हणालात असं मला दोनदा विचारावं लागलं. जेवलास का, असं विचारत होते. आत्या, मला रडू आवरलं नाही. उद्या त्यांना दाखल करायचं आहे. मी इथेच आहे. फार भीती वाटते.

आशीर्वाद पाठव, थोडे नाही, भरपूर.
तुझा
जयंत

---

बालीगंज, कलकत्ता
२ जून १९७३

ती. मालतीवन्संना,
सुनीतीचा शि. सा. न. वि. वि.

प्रकृती सुधारते आहे. भात मऊ करून जातो. बोलायचं ते पाटीवर लिहितात, आणि भांडायचं असलं की खडू मोडतात.

काल रेकॉर्ड आली. वेष्टनावर केस वाढवलेल्या चार मुलांचा फोटो आहे, त्यातला आपला कोणता ते पाहावं लागतं. जयंताने ग्रामोफोनवर लावली. ती जागा येईपर्यंत मला बसवेना. हे कसं ऐकतील, ह्या भीतीने मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन परत आले. जयंता त्यांच्या पायाशी बसला होता. ऑर्गन हळू झाला आणि ते ‘वा’ आलं. मोठं, स्वच्छ, अगदी त्यांचं.

ह्यांनी स्वतःचा आवाज असा बाहेरून जन्मात कधी ऐकला नव्हता. आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहत राहिले. मग पाटीवर लिहिलं, हा मी? मी म्हटलं, हो, हेच तुम्ही. पंचवीस वर्षं मला ह्याच आवाजात हाका मारल्यात.

गळ्यावर हात नेला. मग पाटी पुसली आणि जयंताला लिहून दिलं, पुन्हा लाव.

दिवाळीला नक्की या. इथे तिघेही वाट पाहत आहोत.
तुमची
सुनीती