अक्षदावहिनींचे सोडे

८ एप्रिल
आले बाई एकदाची लालबागला! खोली लहान, पण गॅलरी ऐसपैस आणि शेजार बोलका. माझ्या आईने लग्नात दिलेलं फळं-भाज्या सुकवायचं मशीन स्वरूपने लगेच ओट्याच्या कोपऱ्यात लावूनही दिलं. नवरा कामाचा आहे हो! मोठ्या जाऊबाई, अक्षदावहिनी, हसऱ्या आहेत. त्यांचा तान्हा शंतू आल्या आल्या माझ्या बांगड्यांना लटकला. छान घर मिळालं मला.

१३ एप्रिल
गच्चीवर वाळवणं सुरू झाली. वहिनी कोलंबी सोलतात, पाठीतला काळा दोरा काढतात, हळद-मीठ लावून जाळीखाली उन्हात पसरतात. झाले सोडे. कडेला कोळसा आणि लाल मिरची, दृष्ट लागू नये म्हणून. मला हसूच आलं. माझ्या मशीनला ऊन नको, कोळसा नको, कावळे हाकायला माणूस नको. आंब्याचे काप ट्रेमध्ये रचले, बटण दाबलं आणि मस्त झोप काढली.

२१ एप्रिल
आज जेवताना वहिनींचं सोडे घातलेलं वांगं सगळ्यांनी बोटं चाटून खाल्लं. माझे आंब्याचे काप चावून सासूबाई म्हणाल्या, ह्या काय गो, चामडा चावतंय असा वाटता. स्वरूप खो खो हसला. वर वांगं पुन्हा मागून घेतलं, तेही वहिनींकडून! अंगाचा नुसता तिळपापड झाला. मशीन पुसून ठेवून दिलं.

२४ एप्रिल
सकाळी गच्चीवर वहिनींची नवी कोलंबी पसरलेली. टपोरी, गुलाबी. आसपास कोणी नव्हतं. कोळसा-मिरची उचलली, पाण्याच्या टाकीमागे फेकली आणि त्या कोलंबीकडे पोटभर बघून घेतलं. एवढं काय आहे हिच्यात?
संध्याकाळी जाळीखाली नुसता भुगा. वहिनी रडल्या. मला बरं वाटलं. खरं लिहिते, फार बरं वाटलं.

२९ एप्रिल
सगळे वहिनींनाच धीर देतायत. स्वरूप तर भाऊच्या धक्क्यावर जाऊन त्यांच्यासाठी ताजी कोलंबी घेऊन आला. मला कधी साधा गजरा आणलाय? त्या सोलत होत्या आणि मी त्यांच्या हातांकडे बघत बसले. काय ते चपळ हात!
संध्याकाळी वहिनींच्या बोटांना भेगा पडल्या. आता कातडी अशी आवळलीय की मूठ मिटत नाही. डॉक्टरांनी मलम दिलंय.

३ मे
वहिनींचं दूध आटलं. शंतूला पाजत होत्या, सासूबाई त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, मी दारात उभी होते. फक्त बघितलं. दुसरं काही केलं नाही — देवाशप्पथ.

७ मे
नवा कोळसा, नव्या मिरच्या मीच वहिनींच्या उशाशी ठेवल्या. काही उपयोग नाही. मनगटांची हाडं दिसतात. हसल्या की ओठ फाटतात. तरी मलाच विचारतात, जेवलीस का गं —
मान खाली घालून वावरते. बघायचं नाही. कोणाकडेच नाही.

८ मे
वहिनींना हॉस्पिटलात नेलं. शंतू बाटली घेईना. सासूबाईंनी माझ्या मांडीवर दिला. नको नको म्हटलं, ऐकेनात. माझ्याकडे आल्यावर प्यायला.
चुकून बघितलं त्याच्याकडे. काही झालं नाही! गाल तसेच गुबगुबीत. ह्याचा कशाला हेवा वाटेल मला? जीव लावलाय लबाडाने. ह्याला मी काही होऊ देणार नाही.

९ मे
मोरीला कडी लावून लिहितेय. स्वरूप कामावरून आला. माझ्याकडे ढुंकूनही — सरळ शंतूला उचललं, छातीशी धरलं, त्याच्या कपाळावर ओठ टेकून कितीतरी वेळ — मला असं कधी —
मनात आलं तेवढंच. लगेच डोळे मिटले मी. लगेच —
शंतू रडत होता. आता आवाज नाही.
स्वरूप दार बडवतोय. ह्याच्या हाताला काय झालं म्हणतोय. बाहेर ये, बघ म्हणतोय — बघ ना, बघ —
कडी निघतेय. मी डोळे — स्वरूप, त्याला समोर धरू नको, मी