शिडाच्या बोटीत सरकून बसा

५ जानेवारी, सोमवार

निश्चय केला. या वर्षी विश्रांती.

इतकी वर्षं दिग्रसहून बातम्या पाठवतो आहे. नगर परिषदेची नळयोजना, जिनिंगच्या कापसाच्या गंजीला आग, पुन्हा नळयोजना. देह थकतो. काल मोबाइलवर व्हिडिओ पाहिला. अंदमानात शिडाची बोट आठवडाभर भाड्यानं मिळते. कॅप्टन त्यांचा, आचारी त्यांचा, बोट आपली. आज या बेटावर, उद्या त्या बेटावर. मधे कोणी प्रेस नोट घेऊन येत नाही.

संस्कृतात एम.ए. केलेल्या माणसाला समुद्र नवा नाही. समुद्राला डझनभर शब्द मला पाठ आहेत. प्रत्यक्ष एकदाच पाहिला, पत्रकारांच्या अधिवेशनाला मुंबईला गेलो तेव्हा, बसच्या काचेतून. तोही ओहोटीत.

कौसल्याला सांगितलं. ती तूर पाखडत होती. तिनं एकच विचारलं, बोटीवर सयपाक कोण करते. आचारी, म्हटलं. तिनं सूप खाली ठेवलं. लग्न झाल्यापासून सलग आठवडाभर दुसऱ्याच्या हातचं ती जेवलेली नाही म्हणे. माहेरी गेली तरी भावासाठी पोळ्या तिनंच लाटायच्या. मला हे नवीनच.

"सात दिवस मले कोणाच्या पोटाचं पाहायचं नाही," म्हणाली. "कोणी हाक मारायची नाही. एवढं जमत असन तर चला."

शब्द दिला. माझ्या शब्दाला जिल्ह्यात वजन आहे.

८ जानेवारी

बोट ठरली. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा. पाहुण्यांना झोपायला जागा सहा. आम्ही दोघं, शिवाय देवसिंग आणि त्याची बायको धनीबाई. देवसिंगचं बसस्टँडसमोर कृषी केंद्र आहे. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत तयार झाला. एवढंच विचारलं, पंडितजी, तिथं युरिया मागाले कोणी येत नाही ना.

दोन जागा मुद्दाम रिकाम्या ठेवल्या. मोकळी जागा हेच विश्रांतीचं अधिष्ठान.

बोटवाल्याला ॲडव्हान्स गेला. हिंदीत बोलतो. आवाज तरुण, स्वभाव घाईचा. माझ्या सहवासात सुधारेल.

११ जानेवारी

गाजावाजा नको म्हणून कोणालाही सांगितलेलं नाही. फक्त पेपरला चार ओळी पाठवल्या, 'येथील ज्येष्ठ पत्रकार सागरसफरीवर'. बातमी दडवणं हा व्यवसायद्रोह झाला असता. फोटो लहानच छापला आहे.

१२ जानेवारी

सकाळीच मेहुणा राजकुमार दारव्ह्याहून जीपनं हजर. हातात पेपर. भाऊजी, आमाले काहून नाही सांगतलं, असं तीनदा विचारलं, तिन्ही वेळा वेगळ्या सुरात. तिसऱ्या वेळी मी म्हणालो, मग चला ना तुम्हीही. आपल्याकडे असं म्हणायची रीत आहे. जेवताना दारात कोणी आलं की 'या जेवायला' म्हणतो, तसंच. समोरचा 'नको, आत्ताच झालं' म्हणतो आणि दोघंही मोकळे होतात.

राजकुमार म्हणाला, बरं.

तो आणि त्याची बायको वैष्णवी. सहा झाले. हरकत नाही. सहा ही संख्या सुटसुटीत आहे.

१४ जानेवारी, संक्रांत

दिवसभर तिळगुळाला माणसं. प्रत्येकाच्या तोंडी समुद्र. प्रत्येकाला मी रीतीप्रमाणे म्हणालो, चला की आमच्यासोबत.

यंदा रीत पाळायचं कोणालाच सुचलं नाही. शेजारचे नागोराव आणि त्यांच्या इंदूबाई येणार. जिनिंगचे मॅनेजर येणार. त्यांचे व्याही आणि व्याह्यांचे दोन भाऊ, ज्यांना मी पहिल्यांदाच पाहिलं, तेही येणार. नेरची कौसल्याची मोठी बहीण फोनवर होती, तिला म्हणालो ते मात्र मनापासून.

एकूण तेरा. कौसल्या वाण देता देता माझ्याकडे पाहत होती. मी तिला नजरेनंच धीर दिला.

१६ जानेवारी

जागेचा प्रश्न नागोरावांनी सोडवला. ते एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झाले. सहाच्या बोटीत तेरा कसे, असं मी चिंतेनं विचारलं तर हसले. दारव्हा लाइनवर बाजाराच्या दिवशी किती माणूस कुठं बसते हे मले नका सांगू पत्रकारसाहेब, म्हणाले. आपली काळीपिवळी पहा. नऊची जीप, वीस घेऊन निघते. थोडं थोडं सरकलं की झालं. समुद्रात तर आरटीओही नाही.

तर्क निर्दोष आहे. अनुभवसिद्ध ज्ञानाला मी नेहमीच मान देतो.

१७ जानेवारी

बोटवाल्याला फोन. तेरा म्हटल्यावर त्यानं आकडा पुन्हा विचारला. मी त्याला काळीपिवळीचं तत्त्व समजावलं. दोघं टपावर, दोघं मागच्या पायरीवर. तो कोस्ट गार्ड, लाइफ जॅकेट, परमिट असं काहीतरी म्हणत होता. एवढ्या मोठ्या समुद्राला सात माणसं जड होतात का, असं मी विचारलं. फोन कटला. बेटांवर नेटवर्कची परिस्थिती शोचनीय आहे. यावर एक लेख होईल.

२० जानेवारी

आरामाचं वेळापत्रक तयार. असा आराम फुकट जाता कामा नये. साडेपाचला उठणे. डेकवर प्राणायाम. सात ते आठ, प्राचीन नौकानयनावर माझं विवेचन. आठ ते नऊ, प्रश्नोत्तरं. दुपारी सक्तीची मोकळी वेळ. लॅमिनेट करून घेतलं, पाण्याचा प्रवास आहे.

आहाराचीही बैठक झाली. बोटीवरचा आचारी मासे करतो. व्याही माळकरी. राजकुमारला बाहेरचं तेल चालत नाही. देवसिंगला ठेचा नसेल तर जेवल्यासारखं वाटत नाही. सर्वानुमते असं ठरलं की आचाऱ्याला सुट्टी द्यावी, म्हणजे त्याची जागाही मिळते, आणि सयपाक कौसल्यानं पाहावा. घरचीच आहे. पातोड्या, शेव, धपाटे इथूनच नेता येतील. धनीबाई मदतीला.

ठराव कौसल्याला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. तिचा पाठिंबा आहे असं नोंदवतो.

२५ जानेवारी, रविवार

सराव असावा म्हणून अरुणावती धरणावर गेलो. कौसल्या, देवसिंग, धनीबाई आणि मी. मासेमारांचा एक डोंगा ठरवला. मी पुढे उभा राहून वाऱ्याची दिशा सांगत होतो. पाणी अगदी शांत होतं, पण ती शांतता माझ्या पोटापर्यंत पोहोचली नाही. पहाटे खाल्लेली आलूबोंडी जबाबदार. देवसिंगनं काठावर आणून पळसाच्या सावलीत निजवलं आणि स्वतःही माझ्या सेवेसाठी तिथंच निजला.

बायका परत डोंग्यात गेल्या. कौसल्यानं वल्हं घेतलं म्हणे. मी डोळे मिटून होतो, पण लांबून हसण्याचा आवाज आला. बराच वेळ येत राहिला. तिचाच होता. मला आधी ओळखू आला नाही. पाण्यावरून येताना आवाज बदलत असावा.

२६ जानेवारी

झेंडावंदन. मॅनेजरनं भाषणात माझा उल्लेख दर्यावर्दी असा केला. पोट अजून साथ देत नाही. समुद्राचं पाणी खारं असतं, त्यामुळे तिथं हा त्रास होणार नाही.

३१ जानेवारी, शनिवार

बोटवाल्याचा मेसेज. सोमवारी दुपारपर्यंत सहा नावं आणि आधार कार्ड. सहाच. नाही तर बोट दुसऱ्याला, ॲडव्हान्स गेला. शेवटी हात जोडल्याचं चित्र आहे. मला ते उपरोधिक वाटलं.

सात जणांना नाही म्हणायचं. साधी गोष्ट आहे. पत्रकाराला कटुसत्याची सवय असते.

१ फेब्रुवारी, रविवार

सकाळी नागोरावांकडे गेलो, स्पष्ट बोलायला. त्यांनी पलंगावर नवं स्वेटर काढून ठेवलं होतं, समुद्रात हवा लागते म्हणून. घरी आलो तेव्हा त्यांचे साडूही येणार असं ठरलं होतं.

नंतर मॅनेजरकडे. तिथं पोहे झाले. व्याह्यांशी ओळख वाढली. माणूस सज्जन आहे. चौदा.

राजकुमारला फोन लावला. तो बोलायच्या आत वैष्णवी फोनवर आली आणि विचारू लागली, भाऊजी, बोटीवर साडी चालते का ड्रेसच लागते. आता यावर कोण नाही म्हणेल.

संध्याकाळी कौसल्यानं विचारलं, मंग कोणाले नाही म्हटलं. मी तिला परिस्थिती विस्तारानं समजावली. पुरुषाला चारचौघांत राहायचं असतं, शब्द पाळायचा असतो. ती म्हणाली, मले बी एक देल्ला होता.

हा मुद्दा विषयाला सोडून होता. तरी मोठ्या मनानं फोन तिच्या हातात दिला. नावं तूच पाठव, म्हटलं. अप्रिय कामं वाटून घ्यावीत.

२ फेब्रुवारी, सोमवार. दुपार.

नावं गेली. बोटवाल्याचा 'थँक्यू मॅडम' असा मेसेज माझ्याच फोनवर आला म्हणून कळलं.

कौसल्या. धनीबाई. वैष्णवी. इंदूबाई. नेरची बहीण. मॅनेजरची बायको, जिचं नाव आमच्या चौदांत कधी नव्हतंच. सहाच्या सहा बायका.

काहीतरी तांत्रिक चूक असणार म्हणून विचारलं, माझं नाव राहिलं का. कौसल्या कणीक मळत होती. हात थांबवला.

"राह्यलं नाही. ठेवलं नाही मी."

मी म्हटलं, ही कल्पना माझी, बोट माझी, वेळापत्रक माझं.

"हो ना," ती म्हणाली. रागानं नाही. ताप आलेल्या माणसाशी बोलावं तसं. "तुमी चांगले हा. पण तुमी संग असले की मले आराम होत नाही. तिथं बी तुमी पहिले चष्मा मागसान, मंग गोळी मागसान, मंग पाहुणे आणसान. समुद्रात कुठून आणसान देव जाणे, पण आणसान."

आचाऱ्याची सुट्टी तिनं रद्द केली होती. मासे चालतात म्हणाली. इतक्या वर्षांत घरात मासे शिजले नाहीत, कारण मला वास सहन होत नाही. तिला आवडतात हे कोणी मला कळवलं नव्हतं.

३ फेब्रुवारी

सखोल विचार केला. महिलांची सागरसफर ही मूळ माझीच संकल्पना होती, हे आता स्पष्ट दिसतं. अंतःप्रेरणा आधी काम करते, बुद्धी मागून येते. पेपरला दुरुस्ती पाठवली, 'ज्येष्ठ पत्रकाराच्या पुढाकाराने'.

बाकीच्या पुरुषांना कळवायचं कसं याची धास्ती होती. त्यांना आपापल्या घरी आधीच कळलं होतं. देवसिंग दुकानात बसून होता. म्हणाला, पंडितजी, धनीनं मले विचारलं बी नाही, सांगतलं. मग आम्ही दोघांनी मिळून युरियाची पोती मोजली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

नागपूर विमानतळासाठी गाडी सकाळी निघाली. सहाही जणी तीत ऐसपैस बसल्या. एक सीट रिकामी होती. नागोराव ती पाहत राहिले. कंडक्टरच्या डोळ्याला असं दृश्य झेपत नाही.

मी चार शब्द बोलायला सुरुवात केली. दुसऱ्या शब्दाला ड्रायव्हरनं गाडी चालू केली. कौसल्यानं काचेतून हात केला. डोळ्यांवर गॉगल. कुठून आणला, विचारायचं राहिलं.

लॅमिनेट केलेलं वेळापत्रक फ्रिजवर सापडलं. घाईत विसरली.

९ फेब्रुवारी

मी, देवसिंग, नागोराव आणि राजकुमार (दारव्ह्याला त्याचेही हाल आहेत म्हणून तो इथंच आलाय). खानावळीचा डबा येतो. चौघांत तीन मतं असतात आणि भाजी तीच असते. नागोराव इंदूबाईंच्या मोबाइलवरून येणारे फोटो दाखवतात. कौसल्या निळ्या पाण्यात कमरेपर्यंत उभी. कौसल्या शिडाची दोरी ओढते आहे. कौसल्या डेकवर झोपली आहे, भर दुपारी, तोंडावर ओढणी घेऊन.

दिवसा झोपलेलं तिला मी कधी पाहिलं नव्हतं. तब्येत बिघडली असावी म्हणून फोन केला. उचलला नाही. इंदूबाईंचा निरोप आला, झोपली हाय, उठवू का? मी म्हटलं, नको.

हा निर्णय सर्वस्वी माझा होता.

१२ फेब्रुवारी

घर स्वच्छ ठेवायचा संकल्प केला. केरसुणी सापडली नाही. नियोजन उद्या.

१४ फेब्रुवारी, शनिवार. सकाळ.

कौसल्याचा फोन. तिचा आवाज मोकळा होता, वाऱ्यात असावा तसा. मी नागपूरला गाडी घेऊन येतो, विमान किती वाजता, असं विचारलं. ती म्हणाली, इकडं एक बेट हाय, तिथं बायाबायाले राहाले जागा भेटते, साऱ्या जणी म्हणून राह्यल्या, अजून चार दिवस थांबाव. मी जेवलो का, हे तिनं विचारलं नाही. नेटवर्क क्षीण होतं.

मी थोडा विचार केला. नवऱ्यानं अशा वेळी उदार व्हावं. इकडची काळजी करू नको, म्हटलं, माझी परवानगी आहे, अवश्य राहा. ती म्हणाली, बरं.

ही गोष्ट देवसिंग, नागोराव आणि राजकुमारला जरा अभिमानानंच सांगितली. तिघंही डब्यात पाहू लागले. शेवटी राजकुमार म्हणाला, भाऊजी, तिकिटं तर मंगळवारीच बदलली.